बाजाराची ओहोटी : बऱ्हाणपूर-खानदेशाच्या इतिहासातील मंदीच्या खुणा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला आला नाही. ते या शाळेत इतिहास आणि अंकगणित असे दोन्ही विषय शिकवीत, असे मला निमंत्रण देताना सांगण्यात आले, आणि त्या एका गोष्टीने आजचा विषय ठरला. इतिहास आणि हिशेब यांची गाठ आपल्याकडे फारशी पडत नाही. राजे, लढाया आणि तह यांच्या सनावळ्या आपण पाठ करतो. पण एखाद्या वर्षी लोकांनी मीठ किती घेतले, तेल किती घेतले, घरातील लुगड्याची खरेदी एका हंगामापुरती पुढे का ढकलली गेली, हे इतिहासाचे प्रश्न आहेत असे आपल्याला वाटत नाही. माझ्या मते ते इतिहासाचेच प्रश्न आहेत. मंदी येते तेव्हा तिची वर्दी दरबारात उशिरा पोचते. ती सर्वांआधी वाण्याच्या ओट्यावर आणि घरातल्या चुलीपाशी पोचलेली असते.

चांदनी हे स्थानक भुसावळ-खंडवा लोहमार्गावर, असीरगड रोड आणि नेपानगर यांच्या मध्ये. एका बाजूला दक्षिणेची किल्ली म्हणून नावाजलेला असीरगड, खाली तापीकाठचे बऱ्हाणपूर, आणि लगतच्या जंगलात स्वातंत्र्यानंतर उभा राहिलेला कागदाचा कारखाना. एवढ्या लहान टापूत लोकांच्या खर्चाची भरती आणि ओहोटी या दोन्हींचे जवळजवळ चारशे वर्षांचे पुरावे मिळतात. त्यांतील काहींचाच परामर्श आज घेणार आहे. सर्व काही सांगण्याचा माझा आव नाही.

प्रारंभ १६३० पासून करतो. त्या वर्षी गुजरात, खानदेश आणि दख्खन या भागांत पाऊस पडला नाही, आणि पुढील वर्षीही पिके हाती लागली नाहीत. याच सुमारास शहाजहान बादशहाचा मुक्काम बऱ्हाणपुरास होता. खानजहान लोदीचे बंड आणि निजामशाहीवरील मोहीम यांसाठी तो येथे आलेला होता. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल येथेच निवर्तली. बऱ्हाणपूर म्हटले की आपल्याला तेवढेच आठवते. पण त्याच महिन्यांत याच शहराच्या आसपास माणसे रस्त्यावर मरून पडत होती, ही गोष्ट आहुखान्यातील त्या प्रथम दफनस्थळाइतकी आपल्या मनावर ठसलेली नाही.

पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून निघाला आणि बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. त्याने आपल्या रोजनिशीत जे लिहून ठेवले आहे ते वाचवत नाही. प्रवाशांच्या घोड्याबैलांच्या शेणातून दाणे वेचून खाणारी माणसे त्याने पाहिली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरी नोंद अधिक मोलाची आहे. बाजारात माणसे अन्नाच्या राशींपासून हातभर अंतरावर प्राण सोडीत होती, कारण विकत घ्यायला त्यांच्यापाशी काही नव्हते आणि पैशावाचून कोणी देत नव्हते. दुष्काळ म्हणजे अन्नाचा अभाव, ही आपली समजूत या एका नोंदीने हलते. दुकान भरलेले आणि गिऱ्हाईक रिकामे, अशी ती अवस्था होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात जे तत्त्व मांडले, की माणूस उपाशी मरतो तो अन्न नसते म्हणूनच असे नाही, तर अन्नावर त्याचा हक्क पोचत नाही म्हणूनही मरतो, त्याचा एक जुना साक्षीदार आपल्या वाटेवरून चालत गेला होता.

बादशहाच्या पदरचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही हा दुष्काळ लपवलेला नाही. माणसे स्वतःला विकायला निघाली पण घेणारा कोणी नव्हता, अशा अर्थाचे त्याचे वर्णन आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले गेले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले जात. असे वीस सोमवार, म्हणजे एक लाख रुपये झाले. खालशाच्या मुलखातील सुमारे सत्तर लाखांचा वसूल सोडण्यात आला, असेही तो लिहितो. एवढ्या मोठ्या प्रलयापुढे हे दान तुटपुंजे होते असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. तथापि दरबारी बखरकाराने आपल्या धन्याच्या वैभवाच्या ग्रंथात ही पाने घातली, एवढे मात्र आपण लक्षात ठेवावे. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

या दुष्काळाने गुजरातेतील आणि खानदेशातील विणकर मेले किंवा परागंदा झाले. त्यानंतर काही वर्षांनी फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये बऱ्हाणपुरास आला, तेव्हा त्याला शहर बरेचसे उजाड दिसले. पण व्यापार जिवंत होता. येथील तलम मलमल, फुलांच्या रंगांनी रंगविलेली आणि सोन्याचांदीच्या तारांनी विणलेली ओढण्यांची वस्त्रे इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात, असे त्याने नमूद केले आहे. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ज्या शहराचे गिऱ्हाईक दूरच्या देशांत असते, ते शहर घरच्या मंदीतून तगते. उलट, ज्या दिवशी दूरचे गिऱ्हाईक हात आखडते, त्या दिवशी घरी पाऊसपाणी उत्तम असूनही मागांचा आवाज थांबतो. पुढे बऱ्हाणपूरच्या बादला आणि कलाबत्तूच्या धंद्याचे हेच झाले. मोगल गेले, मराठी सरदारांचे दरबार लहान झाले, जरीची पागोटी आणि शेले मागणारी माणसेच उरली नाहीत. त्यात इंग्रजी गिरण्यांचे स्वस्त कापड आले. तारकशीचा कारागीर आपले काम विसरला नव्हता. त्याचे गिऱ्हाईक संपले होते.

आता दोन शतके ओलांडून कापसाकडे येऊ. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीतील कापसाला कधी न मिळालेले मोल आले. खानदेश, वऱ्हाड, निमाड या भागांत त्या चार वर्षांत जो पैसा खेळला, त्याच्या कथा आजही ऐकू येतात. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, ही त्यांपैकीच एक. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण कुणब्याच्या घरी चांदी आली, लग्ने मोठी झाली आणि सावकार पाहिजे तेवढे कर्ज देऊ लागला, हे खरे. १८६५ च्या एप्रिलमध्ये यादवी संपली. १ जुलै १८६५ रोजी मुंबईच्या शेअरबाजारातील व्यवहार पुरे करण्याचा दिवस होता, त्या दिवशी बॅक बे सारख्या कंपन्यांचा फुगा फुटला आणि प्रेमचंद रायचंदसारखा माणूस बुडाला. मुंबईत हा आकांत एका दिवसात झाला. खेड्यांत तो दहा वर्षे झिरपत राहिला. भरतीच्या काळात जो खर्च अंगवळणी पडला होता, तो उत्पन्न उतरल्यावर लगेच उतरला नाही. तो कर्जावर चालू राहिला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्यामागे दरम्यानच्या दहा वर्षांचा हा सारा हिशेब आहे.

यातून मंदीच्या अभ्यासकाने एक सावधगिरी घ्यावी. खर्च कमी झाला नाही म्हणजे मंदी नाही, असे समजू नये. आपल्याकडे लग्न, बारसे आणि तेरावे यांचा खर्च सर्वांत शेवटी आटतो. आटते ती आधी दुधाची वाटी, मग डाळ, मग लेकीचे शिक्षण. दारात मांडव दिसतो म्हणून घरात सुबत्ता आहे असा निष्कर्ष काढणारे अधिकारी तेव्हाही होते, आजही आहेत.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात इंग्रज सरकारला या खुणा वाचण्याची गरज प्रथम तीव्रतेने भासली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या १८८० च्या अहवालावरून निरनिराळ्या प्रांतांच्या दुष्काळ-संहिता तयार झाल्या. कलेक्टरने कशावर नजर ठेवावी याची यादीच त्यांत होती. धान्याचे भाव चढणे, सावकाराने उधारी आखडती घेणे, किरकोळ चोऱ्या वाढणे, माणसांचे जथे नेहमीच्या वाटा सोडून भटकू लागणे, गुरे मातीमोलाने विकली जाणे, या त्या खुणा. मुंबईच्या टांकसाळीत वितळविण्यासाठी येणारे चांदीचे दागिने ही आणखी एक खूण. त्या दुष्काळात दख्खनच्या खेड्यांतून वाळे, तोडे, गोठ, सरी यांची इतकी चांदी टांकसाळीत आली, की ती आवक हीच लोकांच्या हलाखीचे मोजमाप म्हणून वापरली गेली. ‘दागिना मोडणे’ हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग किती अचूक आहे पाहा. आपण दागिना विकत नाही, मोडतो. एखादा नवस मोडावा किंवा घर मोडावे, तसा.

विणकरांविषयी त्या काळच्या अधिकाऱ्यांनी जे टिपून ठेवले ते बऱ्हाणपूरकरांनी विशेषेकरून वाचावे. पीक बुडाले की शेतमजूर उपाशी पडतो, हे उघड आहे. पण त्याच्याही आधी विणकर उपाशी पडतो. धान्य महागताच प्रत्येक घर कापडाची खरेदी थांबविते. जुने लुगडे दंड घालून आणखी एक वर्ष चालते, धोतराला ठिगळ लागते. धान्याची भूक पुढे ढकलता येत नाही, वस्त्राची येते. त्यामुळे ज्याच्या गावी पाऊस व्यवस्थित पडला त्या विणकराचाही माग थांबतो. रस्त्यावर खडी फोडण्याच्या कामाला त्याला पाठवावे, तर त्याचे बोटांचे कसब मरते. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूरसारख्या ठिकाणी विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम देण्याचे प्रयत्न झाले. १८५७ नंतर उत्तरेतून आलेली अनेक मोमीन विणकर कुटुंबे मालेगाव, भिवंडी आणि बऱ्हाणपूर येथे स्थिरावली होती. हातमागाच्या जागी आज यंत्रमाग आला आहे. परंतु दुसऱ्याच्या घरातली काटकसर सर्वांआधी आपल्या मागावर येऊन आदळते, हे त्यांचे प्राक्तन बदललेले नाही.

आता एका शिक्षकाची गोष्ट. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शिक्षणखात्यात शिक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून नोकरी करीत. सोलापूरशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी शेतसारा, आयात-निर्यात, दुष्काळ यांवर आकड्यांनी खच्चून भरलेले लेख लिहिले. सरकारी अहवालांतील रकाने वाचून त्यांतून सरकारच्याच विरुद्ध साक्ष काढण्याची विद्या या गृहस्थांइतकी फार थोड्यांना साधली. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले, तेव्हा त्यामागे जोशांनी पुरविलेल्या आकड्यांचे बळ होते.

सरकारच्या तिजोरीत शिल्लक होती आणि ती भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. गोखल्यांनी उलटा प्रश्न केला : लोक भरभराटीत असतील तर ते मीठ का जास्त खात नाहीत? १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. त्यानंतर लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप वाढायला हवा होता तसा वाढला नाही. या युक्तिवादाची शक्ती साधेपणात आहे. रेशमाचा खप घटला तर म्हणता येईल की रुची बदलली. दारूचा घटला तर म्हणता येईल की नीती सुधारली. मीठ कोणी हौसेने खात नाही आणि हौसेने सोडतही नाही. ज्या घरात मिठाला हात आखडतो, त्या घरात बाकी सर्व गोष्टींना तो आधीच आखडलेला असतो. हा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला, आणि खप वाढला. म्हणजे लोकांना मीठ नको होते असे नाही. ते परवडत नव्हते. गांधीजींनी दांडीला मिठाची मूठ उचलली ती १९३० मध्ये. त्याआधी अठ्ठावीस वर्षे, कोणतीही मूठ न उचलता, सोलापूरच्या एका शिक्षकाच्या वह्यांतून मीठ कलकत्त्याच्या सभागृहात पोचले होते.

लोक काय खातात याची घरोघर मोजदाद करण्याची पद्धत आपल्याकडे थोडी पुढे आली. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने दाखविले होते की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या दोन हजारांहून अधिक कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील एक निष्कर्ष असा, की गिरणीकामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळ-संहितेने ठरविलेल्या मापाइतके असले तरी मुंबईच्या तुरुंगातील कैद्यांना मिळणाऱ्या शिध्याहून कमी आहे. निम्म्याजवळ कुटुंबे कर्जात होती. आणि हे मंदीचे वर्ष नव्हे, हे विसरू नये. पुढे पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी ही परंपरा चालविली, आणि तेथूनच १९७१ मध्ये दांडेकर व रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास आला. दारिद्र्य मोजायचे तर उत्पन्न विचारू नका, खर्च विचारा, ही त्या पद्धतीची दिशा. उत्पन्न सांगताना माणूस संकोचतो. भाजीला किती गेले हे घरातली बाई लगेच सांगते.

१९२९ नंतरची जागतिक मंदी आपल्या भागात कापसाच्या भावाच्या रूपाने आली. दोन-तीन वर्षांत भाव निम्म्याच्या आसपास उतरला; शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र रुपयांत ठरलेले असल्यामुळे जागचे हलले नाहीत. ज्याला सारा भरण्यासाठी पूर्वी एक बैलगाडी कापूस लागे, त्याला आता जवळजवळ दोन लागू लागल्या. उरलेल्यात घर चालवायचे. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, रुपया पौंडाला बांधलेला राहिला आणि सोन्याचा भाव तोळ्याला एकवीस-बावीस रुपयांवरून काही महिन्यांत तीसच्या आसपास गेला. मग गावोगावच्या सराफांकडून सोने मुंबईला, आणि मुंबईहून आगबोटींनी लंडनला जाऊ लागले. पहिल्या सहा महिन्यांतच पन्नास कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले.

या एका खुणेचे दोन अर्थ लावले गेले, ते मुद्दाम सांगतो. सरकारचे म्हणणे, लोकांना चांगला भाव मिळतो आहे म्हणून ते नफ्याने विकत आहेत. यात वाईट ते काय? राष्ट्रीय पक्षाचे म्हणणे, हे संकटात मोडलेले सोने आहे, ही पिढ्यांची पुंजी आहे. दोहोंत काही तथ्य असेल; मुंबईच्या सट्टेवाल्याने नफा केलाही असेल. पण पाटल्या आणि पुतळ्यांची माळ सराफाच्या तराजूत घालणाऱ्या बाईला तोळ्याचा भाव तीस झाला म्हणून हर्ष झाला असेल, असे मानायला मी तयार नाही. तिने तो पैसा साऱ्यात भरला. डिसेंबर १९३६ मध्ये येथून फार दूर नसलेल्या फैजपूर या गावी काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिलेच. साने गुरुजींनी त्यासाठी खानदेश पायी पालथा घातला होता. त्या अधिवेशनात शेतसारा, खंड आणि कर्ज यांच्या कपातीचा जो शेतकी कार्यक्रम मंजूर झाला, तो या सहा-सात वर्षांच्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळाविषयी थोडक्यात सांगतो. तो आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिला आहे. चांदनीलगतचा कागद कारखाना १९४७ मध्ये खाजगी कंपनी म्हणून नोंदला गेला, पुढे सरकारने हाती घेतला. जानेवारी १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. सलई आणि बांबू यांपासून वर्तमानपत्राचा कागद करणारा हा सुमारे पाव शतक देशातील एकमेव कारखाना होता. वर्तमानपत्राचा कागद हीदेखील मंदीची एक खूणच आहे : दुकानदाराचा खप घटला की तो जाहिरात बंद करतो, जाहिरात घटली की वर्तमानपत्राची पाने कमी होतात, आणि पाने कमी झाली की कागदाची मागणी. नेपानगरचा कारखाना मात्र मागणीपेक्षाही परदेशी कागदाची मुक्त आयात आणि जुनी यंत्रसामग्री यांनी खचला. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले ते २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. एका पगारावर उभ्या असलेल्या गावात सहा वर्षे भोंगा वाजत नाही म्हणजे काय, हे येथील दुकानदारांना मी सांगण्याची गरज नाही. १९०६ मध्ये स्थापन झालेली बऱ्हाणपूरची ताप्ती मिलही मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात अडीच लाख कामगारांचा पगार बंद झाला, तेव्हा ती ओहोटी गिरणगावातील खानावळींपासून कोकणातील पोस्टापर्यंत गेली. मनीऑर्डर येत नाही हे पोस्टमनला सर्वांआधी कळले.

अलीकडच्या काळातील एकच प्रसंग घेतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यांचा खप घटल्याची तक्रार पार्लेने केली आणि देशभर चर्चा झाली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या खपावरून मंदीचा अंदाज घेत, असे सांगतात; त्याही वर्षी आपल्याकडील बनियन-विक्रीची चर्चा झाली. ऐकणारे हसले. पण धोतराच्या ठिगळाचा आणि बनियनच्या भोकाचा न्याय एकच आहे : जे बाहेरून दिसत नाही त्याची खरेदी आधी थांबते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ च्या राष्ट्रीय उपभोगखर्च पाहणीचे आकडे एका वर्तमानपत्राने फोडले. महागाई वजा जाता माणशी मासिक खर्च २०११-१२ मधील १५०१ रुपयांवरून १४४६ रुपयांवर, म्हणजे ३.७ टक्क्यांनी उतरला होता. शहरांत तो किंचित वाढला होता, पण खेड्यांत ८.८ टक्क्यांनी घटला होता. सरकारने माहितीच्या दर्जाविषयी शंका घेऊन ती पाहणी प्रसिद्ध न करण्याचे ठरविले. नंतरची पाहणी २०२२-२३ ची; ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत खेड्यांतील अन्नावरचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याहून खाली आलेला दिसतो. एंगेलच्या नियमाने हे सुधारणेचे लक्षण. ते मी आनंदाने मान्य करतो. परंतु मधल्या पाहणीचे पान फाडलेलेच राहिले. तिच्यात दोष असतीलही. जोशी मास्तरांपुढे असलेले सरकारी अहवाल काय निर्दोष होते? ते छापलेले होते, म्हणून त्यांच्याशी वाद घालता आला. शहाजहानच्या बखरकाराने आपल्या धन्याच्या ग्रंथात उपाशी माणसे ठेवली, याची आठवण मला त्या दिवशी झाली.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून आपली रजा घेतो. माझ्या आजोळी, रावेरकडच्या एका खेड्यात, किराण्याचे दुकान होते. १९७२ च्या दुष्काळात मी तेथे काही महिने होतो. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळे, शाळेत सुकडी मिळे, आणि दुष्काळी कामावरून परतणारी माणसे संध्याकाळी दुकानाशी येत. ती तेल मागत ते बाटलीने नव्हे, पळीने. आजोबांची कीर्द आणि उधारीची वही वेगवेगळी असे. उधारीच्या वहीत नावे वाढत आणि पानावरचे पदार्थ कमी होत जात : आधी खोबरे दिसेनासे झाले, मग तूरडाळ, मग साखरेच्या जागी गूळ आला आणि गुळाचेही वजन घटले. चहाची पुडी मात्र शेवटपर्यंत राहिली, उलट वाढली. भूक मारायला चहा लागतो, हे आजोबांनी मला तेव्हा सांगितले होते. त्या वर्षाच्या उधारीपैकी पुष्कळ त्यांनी पुढे कधी मागितली नाही, आणि काही मागितली. तेही वहीत आहे.

दुकान उठले तेव्हा पन्नास-साठ वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या. नेपानगरचा कारखाना नव्याने सुरू झाल्यापासून आता बांबूऐवजी रद्दीचा लगदा करून कागद बनवितो. आमच्या वह्या त्याआधीच कोठल्या तरी गिरणीत विरघळल्या असतील. १९७२-७३ ची उधारीची वही तेवढी माझ्या आईने पोथ्यांबरोबर बांधून ठेवली म्हणून वाचली. घेणेकऱ्यांची नावे मी कागद चिकटवून झाकली आहेत, बाकीचे रकाने उघडे आहेत. मुख्याध्यापकांच्या संमतीने ती वही आज शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. अक्षर मोडीवळणाचे आहे, पण आकडे स्पष्ट आहेत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ते वाचता येतील.